हौदातलं अभ्यंग

"हेमा, ह्या हौदाला हळदीकुंकू लावलंस का गं?"

गाडीतून उतरल्या उतरल्या उल्कावन्संनी पहिला प्रश्न हा टाकला. एक पाय अजून गाडीतच होता, हातात पितळी डबा होता, आणि मागच्या अंगणातला तो पोहायचा निळा पूल त्यांनी फाटकातूनच हेरला होता. हेमलताबाईंना एवढं हायसं वाटलं म्हणता! वन्सं नाक मुरडतील, 'हे काय हॉटेल करून ठेवलंयत घराचं' असं काहीतरी बोलतील, अशी धास्ती घेऊन त्या सकाळपासून वावरत होत्या. हळदीकुंकवाची चौकशी म्हणजे वन्संनी हौदाला घरात घेतलं म्हणायचं.

"तुमच्या हातानं लावायचं म्हणून थांबलेय," हेमलताबाई लगबगीनं म्हणाल्या. तसं काही ठरलेलं नव्हतं. सुचलं आपलं ऐनवेळी.

देवनहळ्ळीच्या ह्या नव्या घरी राहायला येऊन त्यांना चार महिने झाले होते. पूल हा मुलाचा, ईशानचा हट्ट, आणि पुलाच्या कडेला जरा उंचावर बांधलेला गरम पाण्याचा गोल स्पा हा सूनबाईंचा, प्रांजलीचा. पुण्याची पोर, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान आखडते म्हणायची. स्पा भरला की त्याचं पाणी कडेवरून खालच्या पुलात पडायचं, अशी रचना. घरात कुणालाच ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हेमलताबाईंच्या यजमानांनी, पद्माकररावांनी, मात्र विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढलेला. ते म्हणाले, "विमान उडतं ठेवलं, डबकं काय सांभाळता येणार नाही?" आणि गेल्या आठवड्यात पूल पहिल्यांदा भरला तेव्हा चुकीचा व्हॉल्व्ह फिरवून त्यांनी शेजाऱ्यांच्या टोमॅटोच्या वाफ्यात पुलाचं पाणी सोडलं होतं.

पण हेमलताबाईंच्या डोक्यात पूलही नव्हता आणि स्पाही नव्हता. त्यांच्या डोक्यात होत्या वन्सं.

यजमान, पुरुषोत्तमराव, गेल्यापासून उल्कावन्सं बसवनगुडीच्या घरात एकट्या राहत होत्या. मूलबाळ नाही. सरकारी प्रयोगशाळेत तेलांच्या नि रंगांच्या चाचण्या करण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलणं सरळ आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. श्रावणात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि कामवाली येईपर्यंत तशाच ओल्या फरशीवर पडून राहिल्या. हाड मोडलं नाही हे नशीब. तेव्हापासून हेमलताबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की त्या पुन्हा पुन्हा लावत बसायच्या. किती वेळा विनवलं, 'वन्सं, आमच्याकडे राहायला या.' दर वेळी एकच उत्तर. "तिथं येऊन मी करू काय? खुर्चीत बसू? सणाला येईन, सण झाला की माझ्या घरी जाईन."

म्हणून ही दिवाळी नीट व्हायला हवी होती. अगदी शेवटच्या करंजीपर्यंत नीट. वन्संना हे घर आवडलं, इथे त्यांना आराम वाटला, तर कदाचित त्यांचं मन वळेल. हेमलताबाईंनी खालची खोली त्यांच्यासाठी लावली होती. वन्संना फोमवर झोप येत नाही म्हणून समोर बसून कापसाची नवी गादी भरून घेतली होती. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला होता. तो जरा सैल बसला होता खरा.

त्या संध्याकाळी नीरु तुंबुव हब्ब होतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाण्याचा हंडा घासूनपुसून, पूजा करून भरायचा, हा इथला कन्नड लोकांचा सण. पद्माकररावांच्या आजोबांच्या वेळेपासून तो ह्या मराठी घरानंही आपलासा केलेला. दर वर्षी बसवनगुडीला तांब्याच्या हंड्याची पूजा व्हायची. ह्या वर्षी पद्माकरराव म्हणाले, "अक्का, हंडा कशाला? ह्या स्पालाच हंडा समज. मुद्दाम रिकामा ठेवलाय तुझ्यासाठी."

वन्संनी चष्मा सारखा करून त्या गोल हौदाकडे पाहिलं. "एवढा मोठा हंडा! दोन म्हशी मावतील." पण मग त्यांनी पदर खोचला. चुन्याचे आणि कावेचे पट्टे हौदाच्या काठावर ओढले, उतरायच्या स्टीलच्या कठड्याला कारल्याचा वेल गुंडाळला, हळदीकुंकू वाहिलं आणि पहिला तांब्या आपल्या हातानं आत ओतला. आठ वर्षांच्या नातीनं, वल्लरीनं टाळ्या पिटल्या. मग ईशाननं पाइप सोडला.

पूल बांधून देणारा गुरुप्रसाद शेवटची तपासणी करायला आला होता. हीटर लावून झाल्यावर तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "अम्मा, एक मात्र ध्यान में रखना. एण्णे बेडा, सोपु बेडा. तेल नाही, साबण नाही. पहले शॉवर, फिर पाणी में. नवीन फिल्टर आहे, चोक होईल."

"सरी, सरी," हेमलताबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातावर चिवड्याची पुडी ठेवली.

तिथे तेव्हा त्या एकट्याच होत्या, एवढं लक्षात ठेवावं.

पहाटे उठून बघतात तर वन्सं त्यांच्याआधी जाग्या! मागच्या पडवीत पाट मांडलेला, समई तेवतेय, वाटीत तेल कोमट करून ठेवलंय. पितळी डब्यातून त्यांनी स्वतः कांडलेलं उटणं आणलं होतं आणि गांधीबझारातून खास निवडून घेतलेली शिकेकाई. वल्लरीला पाटावर बसवून त्या तिच्या डोक्यावर तेल थापत होत्या.

"डोळ्यांत जातंय आज्जी!"

"जाऊ दे. डोळे स्वच्छ होतात."

मग पद्माकररावांचा नंबर लागला. सत्तरीला टेकलेला नवरा थोरल्या बहिणीपुढे मान खाली घालून बसलेला बघून हेमलताबाईंना हसू आवरेना. वन्संनी त्याच्या टकलावर सढळ हातानं तेल ओतलं, पाठीला उटणं फासलं, आणि वर म्हणाल्या, "इतकी जागा आणि एक केस नाही. वाया गेलं तेल." प्रांजली हसून हसून खाली बसली. तिनं आपणहून पाठ पुढे केली. "आत्या, मलाही रगडा. पुण्याला आमच्या घरी चमच्यानं मोजून लावायचे."

शेवटी वन्संनी स्वतःच्या अंगालाही तेल-उटणं लावलं आणि उठल्या. "चला आता. हंड्यात उतरू या. त्या पाण्यातनं वाफ बघ कशी निघतेय, हेमा! मला बाई ह्याच्यात बसायचंय."

आता सांगायलाच हवं होतं.

"वन्सं, त्याआधी ना, तिकडे शॉवर आहे, तिथे जरा सगळं धुवून मग..."

"धुवून?" वन्संच्या भुवया वर गेल्या. "नरकचतुर्दशीला तेल अंगावर घेऊन आंघोळ नाही केली तर मग ते अभ्यंग कसलं? ती आपली सहल झाली." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "नियम असतील तुमच्या हौदाचे, तर राहू दे. तुम्ही बसा त्यात. मी आपली न्हाणीघरात तांब्यानं घेते."

आणि त्या वळल्याही. तेलानं माखलेले पाय, पुढे गुळगुळीत फरशी, आणि न्हाणीघरातला तो सैल दांडा. हेमलताबाईंना श्रावणात कामवालीचा आलेला तो फोन आठवला आणि त्यांचं सगळं शहाणपण गळून पडलं.

"छे हो, कसले नियम!" त्यांनी वन्संचा दंड धरला. "चला. एवढ्याशा तेलानं काय होतंय?"

"आई," प्रांजली हळूच म्हणाली, "ऑइलचा काहीतरी प्रॉब्लेम असतो ना? मी कुठेतरी वाचलंय..."

"शू."

प्रांजलीनं सासूच्या तोंडाकडे बघितलं. मग वन्संकडे बघितलं. पोर हुशार. "मी काहीच वाचलेलं नाही," ती म्हणाली, आणि वन्संचा दुसरा दंड तिनं धरला.

पाणी असं सुरेख गरम होतं! वन्सं जुना सुती पंजाबी ड्रेस घालून कठडा धरत धरत उतरल्या, आतल्या पायरीवर टेकल्या आणि गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर त्यांच्या तोंडून 'अगं आई गं' असा जो सुस्कारा निघाला, तो ऐकून हेमलताबाईंना सगळं भरून पावलं. वन्संनी डोळे मिटले. "पुरुषोत्तम असते तर उठलेच नसते ह्यातनं," त्या म्हणाल्या. वल्लरी डुंबत होती, प्रांजली शिकेकाईनं तिचे केस चोळत होती, बाहेर अजून तांबडं फुटायचं होतं, दूर विमानतळाच्या बाजूला फटाके वाजत होते. जिंकलो आपण, हेमलताबाईंनी मनात म्हटलं.

"आता खरी गंमत बघ, अक्का," पद्माकरराव म्हणाले, आणि त्यांनी काठावरचं बटण दाबलं.

पाण्याचे फवारे सुटले. आधी बुडबुडे आले. मग फेस आला. पांढरा नव्हे, पिवळट तपकिरी, उटण्याचा रंग घेऊन आलेला. तो वन्संच्या हनुवटीपर्यंत चढला, वल्लरी त्यात दिसेनाशी झाली, "मी ढगात आहे!" असं आतून ओरडू लागली. पद्माकररावांनी बटण पुन्हा दाबलं. तर त्या बटणाची तऱ्हा अशी की दुसऱ्यांदा दाबलं की जोर वाढायचा. फेस काठावरून उतू गेला आणि खालच्या निळ्या पुलात भदाभदा पडायला लागला. त्याच्यामागून तेलाचा तवंग. घरामागे कढी उतू गेल्यासारखं दृश्य दिसू लागलं.

"बंद करा! अहो, बंद करा!"

"करतोय! हे कुठलं बटण कुठलं काम करतंय, कोण जाणे!"

एवढ्यात शॉवर घेऊन, टॉवेल गुंडाळून, आज घरातला सगळ्यात नियमात वागलेला माणूस पडवीत आला. ईशाननं पुलाकडे बघितलं. मग तो धावत जाऊन मेन स्विच पाडून आला. फवारे थांबले. फेस मात्र थांबला नाही, आपला सावकाश सरकत राहिला.

"तेल?" ईशानचा आवाज चिरकला. "स्पामध्ये तेल घालून बसलात तुम्ही? आठवडाभर मी सकाळसंध्याकाळ भिंती ब्रशनं घासतोय! बाबा!"

"मी फक्त बटण दाबलं," पद्माकरराव म्हणाले. टकलावरून तेल निथळत होतं.

"गुरुप्रसाद काल अर्धा तास होता इथे. तेलाचं त्यानं कुणाला सांगितलं नाही? असं होणारच नाही. मी फोन लावतो त्याला."

"सणाच्या दिवशी नको रे," हेमलताबाई म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "सांगितलं होतं त्यानं. मला."

वन्सं फेसातून उभ्या राहिल्या. अंगावरून पिवळे ओघळ वाहत होते, तरी त्यांचा तो प्रयोगशाळेतला करारी चेहरा तसाच. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

हेमलताबाईंना सांगायचं होतं की विसरले. पण तोंडातून दुसरंच निघालं, आणि मोठ्यानं निघालं. "तुम्ही न्हाणीघरात निघाला होतात म्हणून! तेलाच्या पायांनी! पुन्हा पडला असतात म्हणजे? मला नाही सहन व्हायचं आता ते. तुम्ही फोन उचलला नाहीत की माझे हातपाय गळतात, ठाऊकाय का तुम्हाला? मला तुम्हाला इथं ठेवून घ्यायचं होतं. आज सगळं तुमच्या मनासारखं व्हायला हवं होतं. म्हणून नाही बोलले."

"म्हणजे माझी मर्जी राखायला नवाकोरा हौद नासवलास?"

"नासवला! पुन्हा वेळ आली तर पुन्हा नासवीन."

वन्संनी कठडा धरला, पायऱ्या चढून बाहेर आल्या, प्रांजलीनं पुढे केलेला टॉवेल पायांखाली टाकला, पाय कोरडे पुसले आणि तडक घरात गेल्या. खालच्या खोलीचं दार वाजलं.

"गेल्या," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "बॅग भरतायत. ईशान, गाडी काढ बाबा. उगीच रिक्षा शोधत बसतील."

"आई, तसं नाही करणार त्या," प्रांजलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण तिलाही खात्री नव्हती.

आतून काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा. आणि दार उघडून वन्सं बाहेर आल्या त्या गादी ओढत. हेमलताबाईंनी समोर बसून भरून घेतलेली, निळ्या पट्ट्यांची, एक रात्र वापरलेली नवी गादी. तिचं पोट आडवं फाडलेलं आणि आतला कापूस बाहेर लोंबत होता.

हेमलताबाईंना ब्रह्मांड आठवलं. म्हणजे एवढा राग! झोपायची जागाच फाडून टाकली बाईनं!

"बघत काय उभे राहिलात?" वन्सं धापा टाकत म्हणाल्या. "हेमा, हा कापूस कसला घातलायस? धुतलेला की कच्चा?"

"कच्चा. सरकी काढलेला नुसता. तुम्हाला तसाच आवडतो म्हणून."

"शाब्बास! कच्चा कापूस पाणी पीत नाही, तेल पितो. त्याच्या अंगालाच मेण असतं. घरात जुन्या मच्छरदाण्या आहेत का? आण जा. पद्मा, तू बटणांपासून लांब हो. ईशान, वरचा हौद पूर्ण रिकामा कर, त्यातलं पाणी वाचवायच्या भानगडीत पडू नकोस. आणि त्याचा फिल्टर काढून माझ्यापुढे आण. खालच्या पाण्यात फारसं गेलेलं नाही, तवंग वरच आहे. पसरायच्या आत उचलू या. फेसाचं काही वाटून घेऊ नका, ती शिकेकाई आहे. तिचा गुणच तो, आणि तुम्ही खालून हवा भरलीत."

पुढचे दोन-तीन तास घरात दिवाळी अशी काही झालीच नाही. कारीट फोडायचं राहिलं, फराळाच्या ताटांवर झाकणं तशीच. मच्छरदाणीत कापूस भरून त्याच्या लांबट उश्या शिवल्या गेल्या, प्रांजली आणि हेमलताबाई दोन टोकं धरून त्या पुलावरून ओढत होत्या, आणि खरोखरच, म्हणता म्हणता कापूस पिवळा, जड, तुळतुळीत होत गेला आणि त्याच्यामागे पाणी निळं उघडं पडत गेलं. वल्लरी काठावरून 'तिकडे राहिलं, तिकडे राहिलं' म्हणून हुकूम सोडत होती. पद्माकररावांना बादलीत फिल्टर घासायला बसवलं होतं. सणाच्या शुभेच्छा द्यायला गुरुप्रसादचा फोन आला आणि ईशाननं सगळं सांगितलं, तेव्हा तो आधी दोन मिनिटं नुसताच हसला, मग ईशानला फिल्टर कसा उलटा धुवायचा ते सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "कापूस का आयडिया किस का है, सार?"

ऊन वर आलं तसं वन्संनी पाणी तपासायची पेटी मागितली. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, उजेडाकडे धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रोज कोण बघतं हे?"

"मी," पद्माकरराव अभिमानानं म्हणाले. "रोज रात्री, नेमानं."

"रात्री? ट्यूबलाइटखाली?"

"मग काय मेणबत्ती लावू?"

"अरे, ट्यूबलाइटखाली रंग ओळखतात का कधी! दिवसाउजेडी, पांढरा कागद मागे धरून बघायचं असतं. म्हणजे आठवडाभर तू जे टाकत होतास ते सगळं अंदाजपंचे." त्यांनी नळी त्याच्या नाकापुढे धरली. "बघ किती गुलाबी झालंय. ॲसिड घालायला हवं होतं, तू सोडा ओतत बसलास. अजून आठ दिवस असंच चाललं असतं तर पोरीचे डोळे चुरचुरले असते. कुणाला काही येत नाही रे ह्या घरात!"

हे शेवटचं वाक्य त्या इतक्या आनंदानं म्हणाल्या की प्रांजलीनं सासूला कोपरानं ढोसलं. हेमलताबाईंनी मात्र मनाला आवरलं. सण झाला की वन्सं घरी जाणार, हे ठरलेलं होतं. कशाला पुन्हा आशा लावून घ्यायची?

संध्याकाळी त्यांनी मुकाट्यानं डबा भरायला घेतला. चकल्या, शंकरपाळे, वर बेसनाचे लाडू. लक्ष्मीपूजनाला आपल्या घरात दिवा लागायला हवा असं वन्संचं म्हणणं, म्हणून उद्या सकाळी ईशान त्यांना बसवनगुडीला सोडून येणार होता. खिडकीतून वन्सं दिसत होत्या. पुलाच्या काठावर खुर्ची टाकून, कानाला फोन लावून कुणाशी तरी कन्नडमध्ये बोलत होत्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा, त्यामुळे शब्द न् शब्द आत येत होता.

"महांतेशा, उल्का अम्मा मातनाडोदु. नाळेयिंद हालु बेडा."

बसवनगुडीचा दूधवाला महांतेश. उद्यापासून दूध नको. हेमलताबाईंचा हात चकलीवरच थांबला.

पलीकडून त्यानं विचारलं असणार, किती दिवस? वन्सं बोलायच्या थांबल्या. समोर पद्माकरराव आणि वल्लरी भिंत ब्रशनं घासत होते, उलटी, खालून वर. वन्संनी हातानंच त्यांना खूण केली, वरून खाली, वरून खाली. मग फोनमध्ये म्हणाल्या, "नानु हेळोवरेगू बेडा."

मी सांगेपर्यंत नको.

हेमलताबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग भरलेला डबा उचलला आणि त्यातल्या सगळ्या चकल्या घरच्या मोठ्या डब्यात परत ओतल्या.